झाडाखाली कोणी बसू नये

बन्सी आला तेव्हा मी मागचं अंगण झाडत होतो. बन्सी माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि सदऱ्यावर डाग होते. माझी बायको आवडाबाई त्याच्याकडं गेली होती, गंगापूरच्या पुढं, त्याच्या मुलीच्या लग्नाला. मला वाटलं तिला पोचवायला आला असेल. मी त्याच्या मागं बघितलं. मागं कोणी नव्हतं.

"दाजी, जीप उलटली," तो म्हणाला.

मी विचारलं, "ब्रेक गेले का स्टेअरिंग?"

मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. गेल्या वर्षी रिटायर झालो. गाडी उलटली असं कोणी म्हटलं की माझ्या तोंडातून हेच येतं. बन्सी माझ्याकडं बघत राहिला.

"आक्का गेली, दाजी."

"पण ब्रेक लागले व्हते का?"

तो खाली बसला. कडुनिंबाच्या बुडाशी, मी नुकतंच झाडलं होतं तिथं.

"तिथं नको बसू," मी म्हणालो.

त्याला ते कळलं नाही. मलाही तेव्हा कळत नव्हतं की मी काय बोलतोय. आवडाबाईनं निघताना सांगितलं होतं, तेवढं डोक्यात राहिलं होतं. ती म्हणाली होती, "मी येईस्तोवर झाडाखाली कोणाला बसू देऊ नका. तुम्ही बी बसू नका." मी व्हय म्हणालो होतो.

झाडाचं सांगतो. आमचं घर उस्मानपुऱ्यात आहे, दोन खोल्या आणि मागं अंगण. पोलीस ॲक्शननंतर माझ्या वडिलांनी ही जागा घेतली, तेव्हाही हा कडुनिंब एवढाच मोठा होता असं ते सांगायचे. त्याच्या खोडाला वर, पत्र्याच्या छपरापेक्षाही उंच, एक ढोली आहे. फांदी मोडली होती तिथं कुजून झालेली. होळीच्या सुमारास त्या ढोलीपाशी दोन पक्षी यायला लागले. घारीएवढे, राखेच्या रंगाचे, शेपूट लांब. चोच मोठी आणि चोचीवर शिंगासारखा उंचवटा. मला नाव माहीत नव्हतं. आमच्या शेजारी शैलाताई राहतात, मुलींच्या शाळेत सायन्स शिकवतात. त्यांनी सांगितलं, हा धनेश.

मग एक दिवस मादी ढोलीत गेली आणि बाहेर आलीच नाही. आतून तिनं तोंड लिंपून घ्यायला सुरुवात केली. स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, जे मिळेल त्यानं. शेवटी बोट जाईल एवढी उभी फट राहिली. शैलाताई म्हणाल्या, ती आत अंडी घालते, आतच तिची पिसं गळतात, उडता येत नाही. तितके दिवस नर बाहेरून त्या फटीतून तिला भरवतो.

"म्हणजे त्यानं नाय आणलं तर?" आवडाबाईनं विचारलं.

"तर ती आणि पिल्लं उपाशी, काकू."

त्या दिवसापासून आवडाबाईचा निम्मा जीव त्या झाडात. आम्हाला मूलबाळ नाही. ती चौथी शिकलेली, पण शैलाताईंना विचारून विचारून तिनं जगातल्या पाखरांची माहिती गोळा केली होती आणि जेवताना मला सांगायची. एक पाखरू म्हणे उडता उडताच झोपतं. एक पाखरू समुद्रावर वर्षं काढतं, जमिनीला पाय लावत नाही. कुठल्या तरी देशात नर मादीसाठी काड्यांचा मांडव घालतो आणि त्याच्यापुढं निळ्या वस्तू मांडून ठेवतो, निळंच पाहिजे, दुसरा रंग दिसला की उचलून फेकतो. दक्षिणेच्या टोकाला बर्फात एक पाखरू आहे. मादी अंडं देऊन समुद्राकडं निघून जाते आणि नर ते अंडं पायावर घेऊन उभा राहतो. थंडीत, वाऱ्यात, पोटात काही नाही, महिना दोन महिने.

"आन् तुम्हाला दोन दिवस भाकरी थापून खायची म्हणलं तं तोंड उतरतं," ती म्हणाली.

"त्याला भाकरी थापावी लागत नाय," मी म्हणालो.

हे लग्नाला जायच्या आदल्या दिवशीचं बोलणं.

नर मात्र लाजाळू. झाडाखाली माणूस दिसला की यायचा नाही. समोरच्या विजेच्या खांबावर बसायचा, मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. म्हणून आवडाबाईनं अंगणातली बाज हलवली, कपडे वाळत घालायची दोरी पुढच्या दाराला नेली. भांडी घासायची ती अंधार पडल्यावर. नर आला की स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. तो गळ्यातून एक एक फळ वर काढून फटीतून आत देतो. ती म्हणायची, कंडक्टर खिशातून एक एक नाणं काढून सुटे देतो तसा.

तर बन्सी झाडाखाली बसला, आणि मी त्याला पाणी आणून दिलं. मग गल्लीतली माणसं आली. घर लहान, एप्रिलचं ऊन, सावली फक्त त्या झाडाची. मी स्वतः आतून सतरंजी आणली आणि झाडाखाली अंथरली. बसा म्हणालो. कोणी मला सांगितलं नव्हतं. माणसं आली की सतरंजी टाकायची, हात तेवढं करत होते.

सरकारी दवाखान्यातून दुपारी तिला आणलं. चेहरा नीट होता. संध्याकाळी सगळं उरकलं. स्मशानात लोक माझ्या खांद्यावर हात ठेवत होते आणि मी त्या उडता उडता झोपणाऱ्या पाखराचा विचार करत होतो. झोपेत ते पडत कसं नाही. तिला विचारायचं राहिलं होतं. मी दुसरा काही विचार करून बघितला, जमला नाही. तिचा चेहराही डोळ्यांपुढं येईना.

गावाकडून माणसं आली. माझी थोरली बहीण दगडाबाई आली. तिला आम्ही बाई म्हणतो. तिनं घर हातात घेतलं. आवडाबाई झोपायची त्या जागी दिवा लावला, तो विझू द्यायचा नाही असं बजावलं. बायका आत झोपल्या. पुरुषांच्या बाजा अंगणात, झाडाखाली. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तिथं कोणी ना कोणी असायचंच. चहा तिथं, विडी तिथं, आलेल्या माणसाला गळ्याला लागून रडायचं तेही तिथं.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडली. अस्थी लाल फडक्यात बांधल्या. अस्थी घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात आणि मग पैठणला गोदावरीत सोडतात. आमच्या दारात झाड एकच. बन्सीच्या गावचा कडूबा तरणा आणि काटक, लग्नघरातून सरळ इकडं आला होता. त्यानं शेजारून शिडी आणली आणि गाठोडं वर बांधलं. कुत्र्यामांजराला पोचू नये म्हणून उंच बांधलं. ढोलीच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर.

मी खालून बघत होतो. मला काहीतरी सांगायचं होतं त्याला. काय ते आठवेना.

त्याच संध्याकाळी बन्सी माझ्याशेजारी येऊन बसला आणि बोलायला लागला. तोपर्यंत त्यानं सगळं सांगितलं नव्हतं.

"लग्न लागलं आन् ही निघाली. मी म्हणलं, आक्का, पोरीची पाठवणी तर होऊ दे. थांबली नाय. झाडाकडं कोण बघंल म्हणली. तुझे दाजी विसरतेन म्हणली. एस.टी. गेली व्हती. जीप भरली व्हती, तरी बसलो."

त्यानं पट्टीचा हात मांडीवर घेतला.

"उलटल्यावर मी बाहेर फेकल्या गेलो. ही आत. दार दबलेलं. मी एका हातानं वढीत व्हतो, दार येईना. ती आतून बघत व्हती माझ्याकडं. बोलत व्हती दाजी. बन्सी, हळू, हात दुखंल तुझा, म्हणली. मंग पहारी घेऊन माणसं आली तवर..."

मी त्याला विचारलं, दाराची कडी कुठल्या बाजूनं दबली होती. तो उठून गेला. बरं केलं त्यानं.

मी तिथंच बसून राहिलो आणि झाडाकडं बघितलं. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं होतं. उघडत होतं, मिटत होतं. त्या पाखरासाठी ती निघाली. माझ्या मनात त्याच्याबद्दल काय आलं ते मी इथं लिहीत नाही.

आमच्यात एक रीत आहे. दिव्यापाशी ताटात पीठ पसरतात, वर पाटी पालथी घालतात. सकाळी पाटी उचलून बघतात. पिठात जो ठसा दिसेल त्या जन्माला माणूस गेलं. मुंगीचा दिसतो, सापाचा दिसतो, बाळाच्या पावलाचा दिसला तर बायकांना बरं वाटतं. दगडाबाईनं त्या रात्री पीठ पसरलं. सकाळी पाटी उचलली तर पिठावर तीन बोटं पुढं आणि एक मागं, असे बारीक ठसे.

"पाखरू," दगडाबाई म्हणाली. "बद्री, ये बघ. पाखराच्या जन्माला गेली तुही बायको."

आमच्या घरात चिमण्या येतात. रोज येतात. फोटोच्या मागं त्यांचं घरटं आहे आणि पाटी एका बाजूला उचललेली होती. हे मी आज लिहितो. तेव्हा मी पिठाकडं बघितलं. मला खरंच वाटलं.

तेवढ्यात अंगणातून कडूबा ओरडला, "इकडं या सगळे. हे बघा काय."

सगळे बाहेर आले. ढोलीच्या फटीतून चोच बाहेर आली होती आणि आत-बाहेर होत होती. आतून कर्कश, बारीक आवाज येत होता. खाली फांदीला ते लाल गाठोडं.

मग बायकांमधून एक रडण्याचा आवाज निघाला.

"कोंडलीय ती," दगडाबाई म्हणाली. "कोणी मेल्यानं लिंपून टाकलं तोंड. माती लावून कोंडलीय पाखराला."

"कोणी नाय लिंपलं बाई," मी म्हणालो. "तिनंच लिंपून घेतलंय."

"कोणी सोताला लिंपून घेतं व्हय? येडा झाला का तू?"

शैलाताईंना हाक मारावी म्हटलं, तर त्या परीक्षेच्या ड्यूटीवर गेलेल्या. आवडाबाईनं मला कितीदा सांगितलं होतं, पण तेव्हा ते तिच्या तोंडून खरं वाटायचं. माझ्या तोंडून ते वेड्याचं बोलणं झालं.

बन्सी माझ्यापुढं आला. त्याचे डोळे सुजले होते.

"दाजी, त्या दिवशी मला काढता आलं नाय तिला. आता तरी काढू द्या."

नाही म्हणायला पाहिजे होतं. त्याच्या पट्टीच्या हाताकडं बघितलं आणि म्हणता आलं नाही. शिडी लावली, आणि ती मी धरली. कडूबा माझ्याच पेटीतली छन्नी आणि हातोडी घेऊन वर चढला. शिडी मी का धरली ते मला अजून सांगता येत नाही. बन्सीच्या खातर धरली, का त्या पाखरावरचा राग होता, का मलाही आत कोण आहे ते बघायचं होतं.

कडूबानं पहिला घाव घातला. आवाज लाकडावर मारल्यासारखा आला, मातीसारखा नाही. दुसऱ्या घावाला एक तुकडा निघून माझ्या पायापाशी पडला. बायकांनी हात जोडले.

"आता निघंल," दगडाबाई म्हणाली. "वाट द्या तिला. बाजूला व्हा सगळे."

कडूबानं भगदाडात हात घातला आणि ओरडला. शिडी हलली. मी ती अंगानं दाबून धरली. तो घाईघाईनं खाली आला. अंगठ्याच्या बुडाला खोल चावा होता, रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

"मारती," तो म्हणाला. "आतून मारती ती. निघतच नाय. मागं मागं सरकती आन् मारती. आत पिल्लं हायेत, उघडी, पिसं बी नाय."

मी खाली पडलेला तुकडा उचलला. विटेसारखा कडक. त्यात वडाच्या फळाच्या बिया दिसत होत्या, एकाला एक घट्ट बसलेल्या. हे माणसाचं काम नव्हतं हे मेकॅनिकला कळतं. कोणी बाहेरून लिंपलं असतं तर हाताचा फराटा बाहेरच्या अंगाला असता. बाहेरचं अंग खडबडीत होतं. आतलं गुळगुळीत, दाबून दाबून बसवलेलं.

बन्सी भगदाडाकडं बघत उभा होता. "का निघत नाय मग?" तो म्हणाला. लहान पोरासारखं विचारलं त्यानं.

तेव्हा मला खांबावर नर दिसला. त्याच्या चोचीच्या टोकाला एक तांबडं फळ होतं. आमच्याकडं मान वाकडी करून बघत होता. पहिल्या दिवशीही तो तिथं बसलेला मला दिसला होता. दुसऱ्या दिवशीही. राख सावडून आलो तेव्हाही. मी बघत होतो आणि मला दिसत नव्हतं. तो सारखा येत होता आणि आम्हाला बघून परत जात होता. आम्ही आवडाबाईसाठी रडायला जिथं बसलो होतो, तिथं बसल्यामुळं आत ती उपाशी होती.

कोंडलेली म्हणून ती ओरडत नव्हती. तिला फक्त आम्ही उठायला पाहिजे होतो.

"उठा," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"सतरंजी उचला. बाजा उचला. कोणी इथं बसू नका."

"बद्री," दगडाबाई म्हणाली, "सुतकाची माणसं हायेत. दुखवट्याला आलेल्या माणसाला उठवतेत का?"

"पुढं गल्लीत बसा. माझ्या डोक्यावर बसा. इथून उठा बाई."

"पाखरासाठी?"

"तिनं सांगितलं व्हतं."

"काय सांगितलं व्हतं? मेलेलं माणूस सांगतं व्हय?"

"जायच्या आधी सांगितलं व्हतं. झाडाखाली कोणी बसू नये म्हणली. मी व्हय म्हणलो व्हतो. सतरंजी मीच टाकली."

दगडाबाईनं पदर कमरेला खोचला. मला वाटलं आता मारते. लहानपणी मारायची. ती म्हणाली, "लोक नावं ठेवतेन मला, भावाच्या घरून माणसं उठवली म्हणून."

"ठेवू दे."

पहिल्यांदा बन्सी हलला. एकाच हातानं सतरंजीचं टोक धरून तो ओढायला लागला. कडूबा रक्ताच्या हातानं दुसरं टोक धरायला गेला तर दगडाबाईच त्याच्यावर खेकसली, "सतरंजी रक्तानं भरवतो का. सोड, मी धरते." गावाकडची दोन म्हातारी माणसं टोपी घालून निघून गेली. ती तेराव्याला आली नाहीत. बाकीचे पुढच्या दाराला उन्हात जाऊन बसले.

मी, बन्सी आणि दगडाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहिलो. आवडाबाई उभी राहायची तिथं. नर बराच वेळ आला नाही. दगडाबाई म्हणाली, "आता येत नसतो तो, त्याचं घर फोडलं तुम्ही." बन्सीनं भिंतीला डोकं टेकलं. मी पंख्याचा खटका बंद केला, पंख्याचा आवाज होत होता म्हणून. पंखा आतल्या खोलीत होता, त्याचा झाडाशी काही संबंध नव्हता.

मग तो आला. आधी छपरावर, मग फांदीवर, मग खोडाला. लाल गाठोडं बघून एकदा मागं सरकला. पुन्हा पुढं आला. भगदाडातून चोच बाहेर आली आणि त्यानं ते फळ तिला दिलं. मग गळा हलवून दुसरं वर काढलं, दिलं. मग तिसरं.

"किती हायेत त्याच्या गळ्यात?" दगडाबाई कुजबुजली.

"कंडक्टरसारखा काढतो," मी म्हणालो.

तिला ते कळलं नाही. बन्सी हसला, आणि मग त्याला रडू फुटलं ते थांबेना. दगडाबाईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि खिडकीतून बघतच राहिली.

संध्याकाळी शैलाताई शाळेतून आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या झाडाकडं बघून म्हणाल्या, "काका, बघा. ती परत लिंपायला लागली."

खरंच लागली होती. आतून चोचीच्या बाजूनं थापटत होती. आम्ही फोडून दिलेली वाट ती बुजवत होती. दोन-चार दिवसांत पुन्हा बोटभर फट राहिली.

"मे महिन्याच्या शेवटाला ती स्वतः फोडून बाहेर येईल," शैलाताई म्हणाल्या. "पण पिल्लं लगेच येणार नाहीत. आई गेली की पिल्लंच आतून पुन्हा तोंड लिंपून घेतात."

"पिल्लं?" दगडाबाई म्हणाली. "कोण शिकवतं त्यायला?"

"कोणी नाही."

"आई बाहेर उभी असताना आतून दार लावतेत?"

"हो. तयार होईपर्यंत."

दगडाबाई माझ्याकडं वळली. मग मला म्हणाली, "हे आवडीला माहीत व्हतं का?" मी म्हणालो, मला माहीत नाही. तिनं सांगितलंही असेल. जेवताना ती पुष्कळ सांगायची आणि मी भाकरी खात असायचो.

दहाव्याच्या आधी बन्सी अस्थी न्यायला आला. शिडी त्यानंच आणली होती. मी त्याला दारातच थांबवलं. गाठोडं ढोलीच्या खाली हातभर अंतरावर आहे. ते सोडायला माणूस चढला तर नर पुन्हा बिचकेल, आणि या खेपेला परत येईल की नाही कोणी सांगू शकत नाही.

"दाजी, लोक काय म्हणतेन? अस्थी झाडाला लटकवून ठेवल्या म्हणतेन."

"म्हणू दे."

"आक्काला गंगा कवा मिळायची मग?"

"पिल्लं निघाल्यावर."

त्यानं वर बघितलं. नर आत्ताच भरवून गेला होता. गाठोड्यावर वडाचं एक फळ पडून फुटलं होतं, त्याचा डाग दिसत होता. बन्सीनं शिडी पुन्हा खांद्यावर घेतली, चांगल्या हाताच्या बाजूला, आणि परत शेजारी नेऊन ठेवली. पैठणला दहावा आम्ही अस्थींशिवाय केला. भटजींनी नाक मुरडलं, पण केला.

मे संपत आलाय. मादी परवा बाहेर आली. बाहेर आल्यावर तिला उडता येईना, दिवसभर फांदीवर बसून राहिली, काल उडाली. पिल्लांनी आतून तोंड लिंपून घेतलंय. मी खिडकीतून बघितलं. आता दोघंही आणून भरवतात. मी भाकरी थापतो, जाड होते, खिडकीशी उभा राहून खातो. अंगणात मी अंधार पडल्याशिवाय जात नाही.

पिल्लं अजून निघालेली नाहीत. अस्थी झाडावरच आहेत, आणि पैठणला नेऊन सोडायच्या राहिल्या आहेत.